वाचकांचे प्रश्न : वैशाखवणव्यातले पक्षी आणि फुलपाखरे

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. थंडीत वाचक कोणता पक्षी पाहिला ते कळवतात. उन्हाळ्यात मात्र अमुक पक्षी असे का वागतो, असे विचारतात, आणि मला विचाराल तर हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. धोबी, भोरड्या यांसारखे हिवाळी पाहुणे एप्रिल संपेपर्यंत बहुतेक परतलेले असतात आणि जे पक्षी उरतात ते आपल्याच गॅलरीत, कुंडीत, वळचणीला संसार मांडण्यात गुंतलेले असतात. त्यामुळे नावांची यादी फारशी वाढत नसली, तरी एकाच जोडीकडे रोज पाहत राहण्याची संधी याच तीन महिन्यांत मिळते. सारखेच प्रश्न अनेकांनी विचारल्यामुळे ते एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर एक कोकिळा रात्री तीन वाजल्यापासून गात असते. घरातील वृद्धांची झोप मोडते. ती रात्री का ओरडते? आणि दिवसा कावळे तिच्यामागे का लागतात? (डोंबिवली)

उत्तर : आपली झोप मोडणारी कोकिळा नसून कोकीळ आहे. 'कुहूऽ कुहूऽ' असा चढत जाणारा स्वर काळ्या कुळकुळीत, लाल डोळ्यांच्या नराचा असतो. मादी तपकिरी रंगाची आणि अंगभर पांढुरके ठिपके असलेली असते व तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा घाईचा आणि कर्कश असतो. आपल्या कवितांनी आणि गाण्यांनी गळा मादीला दिला आणि ती चूक इतकी रूढ झाली की, शाळेतल्या मुलांना खरे सांगितले तर तीच आपली चूक काढतात.

नर गातो ते मादीला बोलावण्यासाठी आणि इतर नरांना आपली हद्द कळवण्यासाठी. पहाटेच्या आधी वारा पडलेला असतो आणि रहदारी थांबलेली असते, त्यामुळे आवाज दूरवर पोहोचतो. त्यातच चांदणी रात्र असेल किंवा इमारतीच्या आवारातील दिवे रात्रभर झाडावर पडत असतील, तर त्याचा दिवस आणखी लवकर सुरू होतो. आंब्यावर थेट प्रकाश टाकणारा दिवा असल्यास तो खाली वळवून पाहा. आवाज बंद होईल असे आश्वासन देता येणार नाही, पण दिव्यापुरता प्रश्न आपल्या हातात आहे.

आता कावळ्यांविषयी. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि म्हणून तिचा विणीचा काळ कावळ्याच्या विणीशी जुळलेला असतो. अनेकदा नर मुद्दाम कावळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो, कावळे त्याला हुसकावत दूर जातात आणि तेवढ्या वेळात मादी घरट्यात शिरून अंडे घालून निघून जाते. गेल्या मे महिन्यात माझ्या खिडकीसमोरच्या वर्षावृक्षावर हा प्रकार मी तीनदा पाहिला. दोन वेळा कावळी घरट्यावरून उठलीच नाही आणि कोकिळेला पानांत दडून तसेच परतावे लागले, तर तिसऱ्या वेळी सगळा खेळ मिनिटभरात आटोपला. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधी अंड्यातून बाहेर येते, त्यामुळे भरवून घेण्याच्या रांगेत ते पहिल्यापासून पुढे असते. तरीही ते पुष्कळदा कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. जूनच्या अखेरीस एखादा कावळा आपल्यापेक्षा निराळ्या, ठिपकेदार पिल्लाला घास भरवताना दिसला, तर आपल्या झोपमोडीचे पुढे काय झाले ते आपल्याला समजेल.

प्रश्न : गच्चीवर स्टीलच्या पातेल्यात रोज पाणी ठेवतो, धान्यही टाकतो; पण पारव्यांशिवाय कोणी येत नाही. काय चुकते आहे? (नागपूर)

उत्तर : पातेले चुकते आहे, त्याची जागा चुकते आहे आणि बहुधा धान्यही चुकते आहे.

पक्ष्यांना घाम येत नाही. भर दुपारी कावळा किंवा साळुंकी चोच उघडी टाकून गळा थरथरवताना दिसते, ती तोंडातील ओलाव्याच्या वाफेवाटे शरीर थंड करण्याची त्यांची रीत आहे आणि त्यात पाणी खर्च होते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात स्टीलचे भांडे काही मिनिटांत तापते, त्याचा काठ गुळगुळीत असल्याने लहान पक्ष्याला नखे रोवता येत नाहीत आणि पातेल्याची खोली तर चिमणीच्या दृष्टीने विहिरीएवढीच असते. मातीचे पसरट भांडे घ्यावे, त्यात पाणी दोन ते तीन बोटांपेक्षा खोल नसावे आणि मध्ये एखादा खडबडीत दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवावा. भांडे सावलीत, शक्यतो एखाद्या झाडाच्या किंवा मोठ्या कुंडीच्या जवळ ठेवावे, कारण पाणी पिऊन भिजलेल्या पंखांनी पक्ष्याला चटकन आडोसा गाठता आला पाहिजे. मात्र मांजराला दबा धरता येईल इतकी दाट जागा अगदी शेजारी असू नये. पाणी रोज बदलावे आणि भांडे काथ्याने घासून घ्यावे. तसे केल्यास डासांची भीती उरत नाही, कारण डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो.

धान्याचे ढीग पारव्यांना बोलावतात आणि पारव्यांची दाटी झाली की बुलबुल, दयाळ, शिंपी तिकडे फिरकत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात चिमणीसारखा धान्य खाणारा पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतो, म्हणून महिनाभर धान्य बंद करून केवळ पाणी ठेवून पाहावे. पक्षी भांडे हेरण्यासाठी आठ-दहा दिवस घेतात, तेव्हा जागा सारखी बदलू नये. पहिले ग्राहक बहुधा बुलबुल किंवा साळुंक्या असतील, मग सातभाईंचे टोळके येईल, आणि कावळे आले तर ते शिळ्या पोळीचा कडक तुकडा आणून आपल्या भांड्यात भिजवून खातील. त्या दिवशी पाणी दोनदा बदलावे लागेल, एवढेच.

प्रश्न : एक चमकदार काळा-निळा छोटा पक्षी रोज सकाळी दुचाकीच्या आरशावर चोचीने प्रहार करतो. त्याला काही आजार आहे का? (सातारा)

उत्तर : आजार नाही, ईर्ष्या आहे. वर्णनावरून हा जांभळा शिंजीर, अर्थात विणीच्या पेहरावातील नर दिसतो. आरशात त्याला आपल्याच हद्दीत घुसलेला, आपल्याइतकाच चमकदार आणि आपण चोच मारताच उलट चोच मारणारा प्रतिस्पर्धी दिसतो, आणि हा प्रतिस्पर्धी कधीच माघार घेत नसल्यामुळे भांडण संपत नाही. दयाळ आणि बुलबुलही असे करतात. गाडी उभी केल्यावर आरशावर जुना पायमोजा चढवावा. खिडकीच्या काचेवर हल्ला होत असेल तर काचेला बाहेरच्या बाजूने कागद लावावा, आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब उलट अधिक स्पष्ट होते. जवळपास वेलीच्या टोकाला किंवा बाहेरच्या दिव्याच्या तारेला कोळिष्टके, सालीचे तुकडे आणि वाळकी पाने लोंबकळत असल्यासारखे काही दिसले, तर केरसुणी फिरवण्यापूर्वी थांबा. ते त्याच्या मादीचे घरटे असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या असून अर्धे झाड संपले आहे. औषध फवारावे की राहू द्यावे? आधी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत होत्या, आता हिरव्या झाल्या आहेत. या दोन निराळ्या अळ्या आहेत का? (नाशिक)

उत्तर : आपले निरीक्षण उत्तम आहे. अळी एकच आहे, वय निराळे आहे. लाइम नावाचे काळे-पिवळट, शेपटी नसलेले फुलपाखरू लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर एकेक करून मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे, गोल अंडे घालते. त्यातून बाहेर येणारी अळी काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग असलेली, म्हणजे पानावर पडलेल्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी असते, आणि त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या टप्प्यात ती इतकी मोठी झालेली असते की, एवढा मोठा ठिपका कोणालाही खरा वाटणार नाही. म्हणून तेव्हा ती पानाच्या हिरव्या रंगाची होते व तिच्या पाठीच्या पुढच्या भागावर डोळ्यांसारख्या खुणा दिसू लागतात.

बारीक काडीने तिला डोक्यामागे हलकेच स्पर्श करून पाहा. मानेतून अचानक केशरी रंगाची, दोन टोकांची, ओलसर शिंगासारखी ग्रंथी बाहेर येते, लिंबाच्या पानांचा आणि काहीतरी आंबल्याचा मिळून एक उग्र वास सुटतो आणि दोन-चार क्षणांत ते शिंग जसे आले तसे आत ओढले जाते. मुंग्यांना आणि लहान शत्रूंना हाकलण्यासाठी ही योजना आहे. हा प्रयोग एका अळीवर एकदाच करावा. तिला पुन्हा पुन्हा छळण्यात शिकण्यासारखे नवे काही नाही.

याच झाडावर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्याही अळ्या असू शकतात आणि लहानपणी दोघींत फरक करणे कठीण असते. मॉरमॉनच्या माद्यांची गंमत अशी की, त्यांतील काही नरासारख्याच काळ्या-पांढऱ्या असतात, तर काही कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांचे लाल ठिपक्यांचे रूप घेऊन फिरतात.

फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पाने आपण फोडणीत टाकणार आहोत हे कारण त्यासाठी पुरेसे आहे. झाड अगदीच लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडाव्यात. कढीपत्ता चिवट असतो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. अळ्यांची संख्या आपोआपच घटते, कारण शिंपी आणि सातभाई त्या पिल्लांसाठी उचलतात आणि परजीवी गांधीलमाश्या त्यांच्यात आपली अंडी घालतात. जी अळी उरेल ती एक दिवस खाणे थांबवून अस्वस्थपणे फिरू लागेल आणि एखाद्या काडीवर कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून कोष करेल. काडी हिरवी असेल तर कोष बहुधा हिरवा आणि वाळकी असेल तर तपकिरी होतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळीच, फुलपाखरू बाहेर येते. त्या वेळी खाली तांबूस-पिवळट द्रवाचे थेंब दिसले तर घाबरू नये, ते रक्त नसून कोषातील साठलेली टाकाऊ द्रव्ये असतात. पंख ताणून वाळेपर्यंत तास-दीड तास त्याला हात लावू नये.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी उन्हाळ्यातील फुलपाखरांच्या नोंदी करायच्या आहेत, पण दुपारी हिंडूनही काही दिसत नाही. उन्हाळ्यात फुलपाखरे कोठे जातात? (कोल्हापूर)

उत्तर : महाराष्ट्रात फुलपाखरांचा खरा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या पुढे काही आठवडे असतो. उन्हाळ्यात कोवळी पाने नसल्यामुळे अनेक जाती कोषाच्या अवस्थेत थांबतात, काही ओढ्याकाठच्या गर्द सावलीत स्वस्थ बसून दिवस काढतात, आणि काही आपले रूपच बदलतात. कॉमन इव्हनिंग ब्राउन हे संध्याकाळी उडणारे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे मिरवते. उन्हाळी पिढीत ते डोळे जवळजवळ पुसले जातात आणि पंख वाळक्या पानासारखे दिसतात, कारण सभोवती हिरवे काही नसताना पाचोळ्यात पाचोळा होऊन राहणे अधिक सुरक्षित असते. पीकॉक पॅन्झीचीही अशीच दोन रूपे असतात. प्रकल्पासाठी हा विषय स्वतंत्रपणे घेता येईल: आता एक छायाचित्र आणि सप्टेंबरात त्याच ठिकाणी दुसरे.

दुपारी हिंडणे मात्र थांबवावे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आटत आलेल्या ओढ्याच्या ओलसर वाळूपाशी, किंवा जनावरे पाण्यावर येतात तेथील भिजल्या मातीपाशी जाऊन बसावे. कॉमन जे, ब्लूबॉटल, इमिग्रंट, ग्रास यलो आणि नखाएवढी निळी फुलपाखरे तेथे सोंडा खुपसून ओल शोषताना दिसतात. याला इंग्रजीवरून चिखलपान असा शब्द काही जण वापरतात. जमणारे बहुतेक नर असतात. त्यांना पाण्यापेक्षा त्यातील क्षार हवे असतात आणि मीलनाच्या वेळी त्यांतील काही भाग ते मादीला देतात. आपली सावली त्यांच्यावर पडू न देता, बसल्या बसल्या सरकत पुढे गेलात तर हातभर अंतरावरून सोंडेची हालचाल मोजता येते.

ओढा नसेल तर दोन सोपे उपाय आहेत. अंगणातील वाळूचा कोपरा चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याने ओला ठेवावा, किंवा जास्त पिकलेला आंबा अथवा फणसाचा चोथा सावलीत ठेवावा. फुलांकडे ढुंकूनही न पाहणारी बॅरन आणि नवाब ही फुलपाखरे अशा आंबलेल्या फळांवर येतात. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्या पानावर मधल्या शिरेवर नेमकी आडवी पडून राहते. तिच्या पाठीवरची फिकट रेघ पानाच्या शिरेशी जुळते आणि दोन्ही बाजूंचे पिसासारखे काटे पानावर पसरतात. मी एकदा ती असलेले पान हातात धरून अळी कोठे आहे, असे सोबतच्यांना विचारत होतो.

आपले राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनचा मात्र या महिन्यांत आग्रह धरू नये. 2015 साली त्याला हा मान मिळाला आणि राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पण ते सह्याद्रीच्या ओल्या, हिरव्या दिवसांत पाहण्याची मौज निराळी आहे.

प्रश्न : नांगरट करायच्या रानात टिटवीने चार अंडी घातली आहेत. ती उचलून बांधावर ठेवली तर चालेल का? टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त पडतो, हे खरे का? (पारनेर)

उत्तर : उचलू नयेत. टिटवी जागा ओळखून अंड्यांवर बसते आणि हलवलेली अंडी ती बहुधा सोडून देते. घरटे म्हणजे जमिनीतली वीतभर खळगी, कडेने मांडलेले खडे आणि शेळीच्या लेंड्या, आणि त्यात निमुळती टोके आत करून ठेवलेली मातकट, काळ्या डागांची अंडी. पाच-सहा पावले अंतरावर चार काठ्या रोवून तेवढा तुकडा नांगराविना सोडावा. अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच चालू लागतात, त्यामुळे आपला खोळंबा तेवढ्याशा तुकड्याचा आणि महिनाभराचाच आहे.

तोवर दुपारी बांधावरच्या सावलीत बसून एक गोष्ट जरूर पाहावी. टिटवी जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंडी गार करते. ऊन तापले की तिला अंडी उबवायची नसतात, भाजू द्यायची नसतात. कुत्रे जवळ आल्यास ती पंख मोडल्याचे सोंग करीत त्याला दूर नेते. 'टिटवी देखील समुद्र आटवते' ही म्हण कोणी रचली असेल त्याने हे सोंग पाहिले असावे, असे मला नेहमी वाटते.

पावसाच्या अंदाजासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. एकाच शिवारात एक टिटवी बांधावर आणि दुसरी तळ्याच्या गाळात अंडी घालते, हे आपण स्वतःही पाहिले असेल.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. फार चालणे होत नाही. शहराजवळच्या खेड्यांत सकाळी जाऊन काय पाहता येईल आणि दुर्बीण कोणती घ्यावी? (पुणे)

उत्तर : फार चालू नका, असाच माझा सल्ला तरुणांनाही असतो. उन्हाळ्यात फळांनी लगडलेला एक उंबर किंवा वड शोधावा आणि सकाळी साडेसहापासून नऊपर्यंत त्याच्यापासून तीस-चाळीस पावलांवर, ऊन पाठीशी येईल अशा बेताने घडीची खुर्ची टाकून बसावे. पहिली दहा मिनिटे झाड रिकामे वाटते. मग एखादे पान हलते आणि ते पान नसून हरियाल असल्याचे लक्षात येते. पिवळे पाय, हिरवट-राखी अंग आणि खांद्यावर जांभळट छटा असलेला हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी पानांत इतका बेमालूम मिसळतो की वीसांचा थवा उडून जाईपर्यंत पाचच मोजलेले असतात. तांबट, हळद्या, साळुंक्या, बुलबुल आणि कोकीळ हे सगळे त्याच पंक्तीला येतात, आणि कोण फळ गिळतो, कोण कुरतडतो, कोण नुसते किडे टिपतो, एवढेच लिहून काढले तरी वहीची चार पाने भरतात.

राखी धनेशाचा नर एकटा येऊन गळ्यात फळे साठवत असेल आणि दर वेळी एकाच दिशेला जात असेल, तर ती दिशा नोंदवून ठेवावी. या दिवसांत त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि एका फटीतून तो तिला व पुढे पिल्लांना भरवतो. मात्र ढोलीचा माग काढत जवळ जाऊ नये आणि ती सापडलीच तर तिची जागा कोणत्याही गटावर जाहीर करू नये. छायाचित्रासाठी पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज मोबाइलवर वाजवण्याची जी प्रथा बोकाळली आहे, तिचाही येथे निषेध नोंदवतो. विणीच्या काळात असा आवाज ऐकून नर घास टाकून भांडायला धावतो.

दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी, 40 किंवा 42 मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दहा पटींची दुर्बीण विकत घेण्याचा मोह होतो, पण ती हातात अधिक थरथरते आणि तिच्यात दिसणारा परिसरही अरुंद असतो. दोन मीटर अंतरावरचे स्पष्ट दिसते का, हे दुकानातच तपासावे, म्हणजे तीच दुर्बीण फुलपाखरांनाही उपयोगी पडते.

प्रश्न : मेच्या अखेरीस एका सकाळी पडवीत एक रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी भिंतीला टेकून बसलेला होता. आम्ही त्याला पाणी पाजले, पण तासाभराने तो मेला. तो कोणता पक्षी होता आणि आमचे काय चुकले? (चिपळूण)

उत्तर : हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, बदामी छाती आणि शेपटीखाली लाल, असे वर्णन आपण पाठवले आहे, हा नवरंग. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या आरंभी पावसाच्या आगेमागे कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी विणीसाठी येतो. प्रवास रात्रीचा असल्यामुळे थकलेले, दिव्यांनी भांबावलेले, भिंतींवर किंवा काचांवर आदळलेले नवरंग या दिवसांत घरांत आणि अगदी शहरांतल्या इमारतींतही सापडतात.

आपला हेतू चांगला होता, म्हणून स्वतःला दोष देऊ नये. त्याला आतून मार लागला असल्यास कोणीही काही करू शकले नसते. पण पुन्हा असा पक्षी मिळाल्यास चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भोके पाडलेल्या खोक्यात तळाला सुती कापड घालून त्याला ठेवावे, खोके झाकून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे आणि मुलांना दर पाच मिनिटांनी डोकावू देऊ नये. अनेक पक्षी दोन-तीन तासांत सावरतात. सावरलेल्या नवरंगाला जवळच्या झाडीत, पाचोळा असलेल्या सावलीत जमिनीवर सोडावे, कारण तो जमिनीवर पाचोळा उलटून किडे टिपणारा पक्षी आहे. पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावे. वन्य पक्षी घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या घरामागे राई आहे, असे आपण लिहिता. पहाटे उजाडण्यापूर्वी आणि सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी तेथून दोन सुरांची, पहिला चढा आणि दुसरा उतरता, अशी ठसठशीत शीळ येते का, ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऐकत राहा. पहिल्यांदा ऐकू येईल ती तारीख आणि पहिला मोठा पाऊस पडेल ती तारीख, अशा दोन्ही आम्हाला कळवाव्यात. सावंतवाडी आणि महाड येथील दोन वाचकांकडून अशा नोंदी आधीच आल्या आहेत.